तळपायावरची टिचकी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय आणि खरं सांगायचं तर हसत वाचतेय. घाटात लिफ्ट मागणारा माणूस, पांढऱ्या साडीतली बाई... जेवताना नवऱ्याला वाचून दाखवायचे आणि दोघांनी खिदळायचं, असा आमचा कार्यक्रम. मी रिसोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांचं रक्त आणि लघवी. काचपट्टीवर जे दिसत नाही ते माझ्या लेखी नाहीच, असा माझा खाक्या. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसले याची जरा लाज वाटतेय. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा, मीही हसलेच होते की.

आधी एक सांगणं भाग आहे. मी दुसरेपणावर आलेली. गजाननची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, पहिली बायको वर्षा वारली होती. लग्न ठरताना आम्हाला एवढंच सांगितलं — आजारपणात गेली, मूलबाळ नव्हतं. मी खोदून विचारलं नाही. विचारून काय, तिचे रिपोर्ट मागवायचे होते?

आमच्याकडे रीत अशी की, दुसरेपणावर आलेल्या बाईनं पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीची छोटी पातळ पत्री, तिच्यावर ठोकलेली बाईची आकृती. पहिलीचा मान राहतो आणि ती दुसरीच्या वाटेला जात नाही, असं म्हणतात. मी आधी साफ नाही म्हटलं. मग सासूबाईंनी रडून रडून गोंधळ घातला. शेवटी माझीच आई म्हणाली, "घालून टाक ना बाई, चांदीच हाय, चावत नाही." घातला. लॅबमध्ये तो अॅप्रनच्या आत असायचा. हळूहळू मी त्याला विसरूनही गेले.

लग्नानंतर बऱ्याच उशिरा दिवस राहिले. आठवा महिना नुकताच लागला होता, थंडीचे दिवस होते. लॅबमध्ये बसल्या बसल्या डोकं फुटायला आलं, डोळ्यांपुढे चमचम व्हायला लागली... आणि मी आपली दुसऱ्यांचे रिपोर्ट टाइप करतेय! शेवटी स्वतःची लघवी स्वतःच तपासली. प्रोटीन भरमसाट. त्याचा अर्थ आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बीपी तर विचारूच नका. गाडी करून वाशीमला नेलं. रस्ताभर सासूबाई माझं डोकं मांडीवर घेऊन एकच घोकत होत्या, "आठव्यातलं नको रे बाप्पा, आठव्यातलं नको." सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, ही जुन्या बायकांची ठाम समजूत. मला इतका राग आला होता की डोकं दुखत नसतं तर तिथंच भांडले असते.

सिझर झालं. मुलगा. रडला की नाही मला माहीत नाही, मला तरी ऐकू आलं नाही. दीड किलोसुद्धा भरला नाही. मला दाखवला तेव्हा तो काचेच्या पेटीत होता, नाकात नळी, डोक्यावर टोपी, हाताचा पंजा माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. मी रोज लोकांच्या शिरा शोधणारी बाई. शीर सापडली नाही की पेशंटवरच चिडणारी. त्याच्या अंगावरच्या सगळ्या शिरा कातडीतून उघड्या दिसत होत्या आणि मला त्या बघवेनात. मी तिथं उभ्या उभ्या रडले.

तिथल्या सिस्टर चांगल्या होत्या. त्यांनी मला नीट समजावलं. म्हणाल्या, "ही लेकरं श्वास घ्यायचंच विसरतात. डोक्यातलं ते यंत्र अजून तयार झालेलं नसते. मशीन ओरडली की आमी जाऊन तळपायावर टिचकी मारतो. दचकलं की घेते श्वास." आणि त्यांनी करून दाखवलं. अंगठ्यावरून मधलं बोट सोडून टप्, टप्, टप्. कॅरम खेळतात तसं. सबंध शास्त्र, एवढ्या मशिनी, आणि शेवटी काय तर टिचकी. मला हसू आलं आणि लगेच हुंदकाही आला.

पुढचे दिवस कसे गेले ते काही लिहीत नाही. दूध काढून नेऊन द्यायचं आणि मशीनच्या आवाजाकडे कान लावून बसायचं, एवढंच काम. औषध सुरू होतं. हळूहळू मशीन ओरडायची कमी झाली. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता कांगारू सुरू करा. म्हणजे बाळाला उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागून उभं धरायचं आणि वरून कापडानं बांधून घ्यायचं. आईच्या उबेवर आणि श्वासावर लेकरू वाढतं. "गळ्यात काही ठेवू नका, बाळाला रुतेल," असं सिस्टरनं सांगितलं. मी मंगळसूत्र काढलं, टाक काढला, दोन्ही पर्समध्ये टाकलं.

कांगारूसाठी वेगळी खोली होती, आरामखुर्च्या टाकलेली; तिथं मशीन नव्हती. माझ्या बाजूला मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक बाई तिची मुलगी छातीवर घेऊन बसायची. एका दुपारी, जेवणानंतर, मी अशीच बसले होते. पाय समोरच्या स्टुलावर, पायात लोकरीचे मोजे, छातीवरच्या बाळावरून शाल. शेजारच्या वॉर्डात कुणाला तरी बघायला सिस्टर नुकत्याच उठून गेल्या होत्या. खिडकीतून ऊन येत होतं. बाळाचं ऊन ऊन अंग छातीवर... मला कित्येक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्यातच माझा डोळा लागला.

डाव्या तळपायावर टिचकी बसली.

मी झोपेतच पाय आखडला. दुसरी बसली. मग तिसरी, चांगली सणसणीत, नख लागल्यासारखी. "काय आहे!" असं ओरडतच मी डोळे उघडले. समोर कुणी नव्हतं. आणि मग छातीवरचं ते ऊबदार ओझं मला हलत नाही असं वाटलं. शाल बाजूला केली. त्याची मान पुढे पडून हनुवटी छातीत रुतली होती. ओठ जांभळे. अंग ढिलं.

मी मान सरळ केली आणि त्याच्या तळपायावर टिचकी मारली. एकदा, दोनदा, किती वेळा कोण जाणे. तो आचका देऊन रडला. मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज. मी "सिस्टर, सिस्टर" करून दवाखाना डोक्यावर घेतला. त्यांनी त्याला आत नेलं, ऑक्सिजन लावला. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाल्या, "बरं झालं तुमी जाग्या होत्या."

मी जागी नव्हते हो. मला उठवलं.

शेजारच्या बाईला मी विचारलं, माझ्या पायाशी कोण आलं होतं? ती म्हणाली, "कोनी नाई आलं, ताई. मी जागीच हाओ ना. तुमचा पाय तेवढा हालला. मले वाटलं डास चावून राह्यला." मोज्यातून डास! आणि दुसरं — ती टिचकी मोज्यावर बसल्यासारखी नव्हती. उघड्या कातडीवर बसली होती. मोजे मात्र दोन्ही पायांत जसेच्या तसे होते.

सासूबाई बाहेर व्हरांड्यात सतरंजी टाकून बसलेल्या असायच्या. संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं, खरं म्हणजे मन मोकळं करायला. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"टाक कोठी हाय?"

"पर्समध्ये. काढावा लागला, आई."

त्या पांढऱ्याफटक पडल्या. "म्हनूनच आली थे. पोराले न्यायले आली. घाल तो गळ्यात, आताच्या आता घाल."

मी म्हटलं, "न्यायले आली असती तर मले कायले उठवलं असतं? मी झोपून राह्यली असती तर पोरगं गेलंच होतं."

असं म्हणायचा अवकाश, त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. नुसत्या डोलत राहिल्या. मग तोंडावरचे हात न काढताच बोलायला लागल्या, त्यामुळे मला वाकून ऐकावं लागलं.

वर्षाला मूल झालं होतं. तेही आठव्यातलंच. मुलगी. माहेरी जायच्या आधीच बाळंत झाली. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. पण पोरगी रडत होती, दूध ओढत होती. "मीच म्हटलं, चांगली तं हाय, घरी चला," सासूबाई म्हणाल्या. घरी आणली. वर्षा तिला कुशीत घेऊन झोपली. सकाळी उठवायला गेल्या तर लेकरू गार.

"मी तिले म्हटलं, तू झोपलीच कशी? तुह्याखाली दबलं थे. तू मारलं. सगळ्यायनं म्हटलं. आलं-गेलं म्हने, झोपेपायी पोर खाल्लं हिनं." सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. "मंग थे झोपेच ना. बसूनच राहे. खाये ना, पिये ना. वर्स नाई काढलं तिनं."

मी ज्या बाईचा टाक गळ्यात घालून फिरत होते, तिच्याबद्दल मला एवढंसुद्धा माहीत नव्हतं. रागही आला, खूप आला. पण आधी दुसरंच तोंडातून निघालं.

"आई, थे दबलं नसन. तुमी आत पाह्यता ना, मशीन ओरडते, सिस्टर पळतात? थे लेकरू श्वास घ्यायचं विसरलं असन. आपल्या पोरासारखंच. तिच्या झोपन्यानं काही झालं नाही. थे जागी असती तरी तिले कळलं नसतं."

"म्हंजे तिनं नाई...?"

"नाही."

"थे म्हने तसंच," सासूबाई म्हणाल्या. "मी दाबलं नाई वो आई, म्हने. पाया पडून म्हने."

गजानन डबा घेऊन आला होता आणि केव्हापासून मागं उभा होता ते आम्हाला कळलंच नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. मूल नव्हतं असं मला सांगणारा हाच. तो खाली मान घालून म्हणाला, "मीबी त्याच खोलीत झोपलो होतो. मले कोनीच काही म्हटलं नाही." डबा तसाच ठेवून तो जिना उतरून गेला. त्या रात्री आम्ही कुणीच जेवलो नाही.

मुलगा वाचला. आता अंगणवाडीत जातो, दुसऱ्यांची पोरं ढकलून झोपाळ्यावर बसतो, माझ्या वरताण भांडकुदळ आहे. टाक मी परत गळ्यात घातला. का घातला ते मला विचारू नका.

कारण शोधायचा प्रयत्न मी केला, कारण माझा धंदाच तो आहे. घरी आल्यावर स्वतःचं रक्त काढून कॅल्शियम बघितलं. जरा कमी होतं. बाळंतिणीचं असतंच. त्यानं पायात गोळे येतात, मुंग्या येतात. डॉक्टर म्हणाले, झोप लागताना अंगाला झटका बसतो, सगळ्यांनाच बसतो. बसत असेल. पण त्याच मिनिटाला? लागोपाठ तीनदा, एकाच जागी, नखासकट? ते हे सगळं ऐकून घेतात आणि खांदे उडवतात. मग मीही उडवते. कारण सापडलेलं नाही, आणि आता सापडेल असं वाटतही नाही. त्यानंतर तशी टिचकी मला पुन्हा कधी बसली नाही.

मी हे हसत सांगू शकले असते. पण घरात एक माणूस आहे ज्याच्यामुळे मला हसता येत नाही.

सासूबाई पूर्वी दुपारी कधी आडव्या पडत नसत. आता रोज नातवाला घेऊन पडतात. गोधडी त्याच्या अंगावर नीट घालतात आणि स्वतःचे पाय मात्र बाहेर काढून ठेवतात. थंडीतसुद्धा. भेगा पडलेले त्यांचे ते तळपाय दाराकडे करून उघडे टाकलेले असतात. सुरुवातीला मी दोन-तीनदा वरून शाल घातली, तर त्यांनी डोळे न उघडताच पायानं ती बाजूला सारली. एकदा मी रागावून म्हटलं, "आई, काहून असं करता, गारठा बाधेल." तर म्हणाल्या, "मले उठवू दे ना एकदा. मले तिचे पाय धरायचे हाय."

दुपार कलली की त्या उठतात, पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघतात. मी चहा ठेवलेला असतो. कप हातात घेताना त्या आपणहूनच सांगतात, "आजबी नाई आली."