तात्यांच्या मिरवणुकीपुढची हलगी

रशियातल्या त्या मोठ्या जेवणघरात आमच्या लेझीम पथकासाठी लांबलचक टेबल मांडलं होतं. पांढरी चादर, काचेचे पेले, सतरा खुर्च्या. आम्ही सतरा जण. मी सतराव्या खुर्चीला हात लावला आणि तात्या म्हणाले, "तू न्हाय. तू तितं बस."

तितं म्हणजे खांबाआड. तिथं एक छोटं टेबल होतं. ते तात्यांनी मुद्दाम मागून घेतलं होतं.

मी हलगीवाला. जातीनं मांग. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावात लेझमीला हलगी वाजवायची ती आमच्याच घरानं. तात्या पथकाचे पुढारी, उसाचे बागायतदार, बोलायला गूळ. दिल्लीत आमचा खेळ गाजला आणि सरकारनं पथक परदेशी धाडलं. मला वगळणं त्यांना जमलं नाही, कारण हलगीवाचून लेझीम म्हणजे नुसता खुळखुळाट. नाहीतर वगळलंच असतं.

मला वाटलं होतं, विमानात बसलो म्हणजे मांगवाडा मागं राहिला. कसला राहतोय! तात्यांनी तो सामानाबरोबर आणला होता.

महिनाभर आम्ही शहरोशहरी खेळलो. महिनाभर मी खांबाआड, दाराशी, कोपऱ्यात जेवलो. त्या सोळा जणांतल्या कितीतरी जणांबरोबर मी लहानपणी भीमेच्या काठी गुरं राखली होती. एकजणही आपली थाळी उचलून माझ्याकडे आला नाही. तात्यांपेक्षा त्यांचा राग मला जास्त आला. अजून आहे.

तिथल्या गारठ्यानं हलगीचं कातडं ढिलं पडायचं. गावात आम्ही पाचटाचा जाळ करून हलगी शेकतो. तिथं नाटकघरात जाळ कुठला करणार? भिंतीला गरम पाण्याचे नळ होते, त्यांना मी हलगी टेकवून बसायचो. एकदा तिथला एक म्हातारा ढोलवाला आला. शेजारी फरशीवरच बसला. हलगी हातात घेतली, कातड्यावर बोट वाजवून कान लावला, मग उलटी बाजू फिरवून नळाला धरली. आम्ही दोघांनी मिळून ती शेकली. एक शब्द एकमेकांचा कळत नव्हता. निघताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. माझा हात परक्या माणसानं असा धरलेला मला आधी आठवत नाही.

त्या दिवशी मी हलगी अशी वाजवली की लोक उभे राहिले. पुढं होऊन मान लववली ती मात्र तात्यांनी.

खेळ संपल्यावर आमच्याबरोबरच्या दुभाषी बाईनं तात्यांना विचारलं, "ये आपके उस्ताद हैं? इसलिए अलग बैठते हैं?" तिला हिंदी यायची. तात्या हसून म्हणाले, "हां, हां. बडे कलाकार. अकेलेही खाते हैं."

ती बाई माझ्या टेबलाशी आली, आदरानं वाकली आणि पेल्यात एक फूल ठेवून गेली. तिला वाटलं, हा मान आहे.

मला मोडकीतोडकी हिंदी येत होती. मी तिला खरं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. परमुलखात आपल्या गावाची अब्रू जायला नको, म्हणून गप्प बसलो. ज्या गावानं मला कधी ओट्यावर घेतलं नाही, त्याची लाज मी झाकली. इतका मी गाढव होतो.

परत आलो तेव्हा गावाकडं वळणाऱ्या डाळजच्या फाट्यावर गाव लोटलं होतं. सजवलेली बैलगाडी, गुलाल. हार सोळाच आणले होते. तात्या गाडीत बसले, बाकीचे गाडीच्या दोन्ही अंगांना उभे राहिले. त्यांचा भाऊ माझ्यावर ओरडला, "आरं, हुबा काय ऱ्हायलास? हलगी काढ की! मिरवणूक निघायची हाय."

आमच्या गावची रीत अशी, की मानाचा माणूस आला की मांगानं त्याच्यापुढं वाजवत चालायचं. मीही त्यांच्याबरोबरच परतलो होतो, पण मला माणसांत धरलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "मी बी तितनंच आलोय. मी वाजवणार न्हाय."

लोक हसले. तात्या समजुतीनं म्हणाले, "रीत हाय रं. रागावू नगंस."

माझे वडील, आबा, मला बघायला आले होते. लांब, लिंबाखाली उभे होते. तात्यांच्या भावानं त्यांना हाक मारली, "म्हाताऱ्या, मग तू वाजीव." आबा आले. हात पुढं केला. "दे पोरा. आपल्याला गावात ऱ्हायचं हाय."

आणि मी दिली.

सत्तरीचे आबा गाडीपुढं चालू लागले. ठेका तुटत होता. पोरंटोरं ओरडली, "म्हातारा चुकतोय!" हार घातलेले सोळाही जण हसले. मी गाडीमागं धुळीत चालत होतो. माझ्या बापाला मीच जुंपलं होतं.

मी धावत पुढं गेलो. बैलांचा कासरा धरला. आबांच्या गळ्यातली हलगी काढली.

"आरं, मग वाजवणार कोण?" तात्या म्हणाले.

"ज्याला मिरवायचंय त्यानं," मी म्हणालो आणि हलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. महिनाभर तिच्या आवाजावर टाळ्या घेतलेला तो माणूस अंग चोरून बसला. जणू मांडीवर विंचू सोडला होता.

गावानं आमचं काम बंद केलं, पाणी बंद केलं. आम्ही बारामतीला आलो. आबांना ते सोसलं नाही. "घराचं वाटोळं केलंस," म्हणत म्हणत दोन वर्षांत गेले. तो दोष माझाच. मी तो कुणावर ढकलत नाही. पण आज तो फाटा पुन्हा समोर आला तर पुन्हा बैल अडवीन, फक्त आबांना एक पाऊलही चालू देणार नाही.

गावाकडून अजून निरोप येतात. "झालं गेलं इसर. जत्रा हाय, देवाच्या छबिन्याम्होरं हलगी पायजे." आलेल्या माणसाला मी पाणी देतो आणि तोंडावर सांगतो, कुणाच्याही पुढं चालत वाजवणार नाही. देवाच्याही नाही.