रिपोर्टपुरतं पथ्य

दिगूचा फोन आदल्या संध्याकाळीच आला होता. "नॉर्मल! बिलकुल नॉर्मल!" एवढं ओरडला आणि हसत सुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बदनापूरच्या स्टेशनावर जालन्याच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तर त्याच्या मुलाचा फोन. "काका, पप्पा गेले… झोपेतच." मी खुळ्यासारखा म्हणालो, "अरे, पण कालच तर साखर नॉर्मल आल्ती!" गाडी आली, गेली. मी तिथंच.

दिगंबर माझा शाळेपासूनचा दोस्त. जालन्याच्या एका बी.एड. कॉलेजात शिकवायचा. ध्येय आणि उद्दिष्ट यांतला फरक हा त्याचा हुकमी धडा. एकदा मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. "पोराला वाचायची गोडी लागावी, हे ध्येय," तो सांगत होता. "मिनिटभरात त्यानं इतक्या ओळी वाचाव्यात, हे उद्दिष्ट. ते मोजता येतं, म्हणून आपल्याला सोयीचं. पण ओळी धडाधड वाचल्या आन् घरी पुस्तकाला हात लावला न्हाई, तर नापास कोण? पोरगं न्हाई, मास्तर नापास!" सगळा वर्ग हसला. इतकं साधं मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

पुढं त्याला साखर निघाली. मी सोबत होतो. डॉक्टरांनी गमतीनं विचारलं, "सर, तुम्ही ध्येय शिकवता, मग तुमचं ध्येय काय?" दिगू एकदम गंभीर झाला. "रिटायर झाल्यावर शोभासंगं राजूरच्या गणपतीला पायी जायचं. जन्मभर तिला नुसतं 'जाऊ, जाऊ' म्हणत आलो." डॉक्टर म्हणाले, त्यासाठी साखर आटोक्यात ठेवा आणि महिन्याच्या महिन्याला उपाशीपोटी तपासा. झालं! त्या आकड्यानं आमच्या मास्तराला पार खुळावलं.

तपासणीच्या आधी तीन-चार दिवस हा माणूस साधू. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, सकाळ-संध्याकाळ चालणं. रक्त दिलं रे दिलं, की स्वारी थेट नवीन जालन्यात हलवायाच्या दुकानात. गरम जिलेबीची प्लेट पुढ्यात ओढून म्हणायचा, "बस रे, पोरगं पास झालं!" मी जाम चिडायचो. "अरे, डॉक्टरला बनवून राह्यला का सोताला?" तर डोळे मिचकावून म्हणायचा, "उद्दिष्ट गाठलं ना बराबर? मंग!" तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते. डॉक्टर दर वेळी ती करायला सांगायचे आणि हा दर वेळी म्हणायचा, "तेवढी पुढच्या बारीला."

मला त्याचा राग येतो. अजूनही येतो. न समजणाऱ्या माणसाचं एक वेळ ठीक आहे. पण ज्यानं शेकडो मास्तरांना हा फरक समजावून दिला, त्यानंच असं करावं? रिटायर व्हायला वर्षसुद्धा उरलं नव्हतं रे, दिगू…

परवा त्याच्या घरी गेलो. शोभावहिनींनी चहा आणला. पहिला घोट घेतला, तर बिनसाखरेचा. माझा चेहरा बघून त्या गडबडल्या. "अगं बाई! भाऊजी, माफ करा. घरात साखरच न्हाई. ह्यांना निघाली तवाच बंद केली. ह्यांच्या जिभेला मोह नको म्हणून मीबी सोडली. इतक्या वर्षांत सणावारालासुदिक गोडाला तोंड लावलं न्हाई." मी म्हणालो, "वहिनी, आता कुणासाठी?" त्यांनी पदर सारखा केला. "आता गोड नकोसंच वाटतं. आन् पथ्याचा गुण येतच व्हता की, भाऊजी. रिपोर्ट किती चांगले यायचे त्यांचे…"

मी मान हलवली आणि तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.