बबनभाऊनं आणलेलं स्थळ

डॉक्टर म्हणाल्या, "रिॲक्टिव्ह आहे." पल्लवी तेव्हा पहिलीत होती. माझ्या मांडीवर बसून त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती. रिॲक्टिव्ह म्हणजे रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. मी विचारलं, "एवढ्याशा लेकराले कसा झाला?" त्या म्हणाल्या, "आईकडून. पोटात असताना, जन्माच्या वेळी, नाहीतर दुधातून." आई म्हणजे माझी ताई. तिला जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि भाऊजी तर तिच्याआधीच गेले होते.

खरं सांगते, त्या खुर्चीवर मला रडू आलं नाही. मला बबनभाऊ आठवला आणि अंगाची लाही लाही झाली.

बबनभाऊ आमच्या हिंगणघाटचाच. ताईचं लग्न त्यानं जमवलं. भाऊजींचं औषध लग्नाआधीपासून नागपूरला चालू होतं आणि हे त्याला माहीत होतं. भाऊजींनीच शेवटी शेवटी मला सांगितलं. तरी हा आमच्या बाबांसमोर मांडी घालून बोलला होता, "पोरगा निर्मळ हाय, सुपारीचंई व्यसन नाई." दोघं गेल्यावर टीबीनं गेले असं गावभर सांगणाराही हाच. मी ते खोडलं नाही. खोडलं असतं तर पोरीशेजारी शाळेत कोणी बसलं नसतं.

ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना सांगते, आधी गोळ्या, बाकी सगळं मागाहून. एआरटी म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारं औषध. ते रोज, ठरल्या वेळी, जन्मभर घ्यायचं. वर्ध्याच्या दवाखान्यात ते फुकट मिळतं. आम्ही एसटीनं जायचो. नंबर येईपर्यंत बाकावर बसून मी शिवलेल्या ब्लाउजांना हूक लावायची आणि मनातल्या मनात म्हणायची, बबन्या, तुझं तळपट होवो.

अकरावीत पल्लवीला क्लासमधला एक पोरगा आवडायला लागला. त्याच्यासमोर, मैत्रिणींसमोर गोळी काढायची लाज, म्हणून बाईसाहेबांनी गोळ्याच सोडल्या. मला पत्ता नाही. पुढच्या तपासणीत व्हायरल लोड वाढलेला. व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचं माप. मी तिथंच तिच्यावर हात उगारला. समुपदेशक मॅडमनी मला बाहेर काढलं, दार लावलं आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. प्रेम, शरीर, कंडोम, कोणाला काय आणि कधी सांगायचं, जे माझ्या तोंडून कधी निघालं नसतं ते सगळं. मला मॅडमचा असा राग आला होता म्हणता! पण त्या दिवसापासून पोरीनं गोळी चुकवली नाही. त्या पोराचं प्रकरण आपोआप मिटलं.

आता ती एकवीस वर्षांची आहे. आणि यंदा उन्हाळ्यात बबनभाऊ आमच्या दारात उभा. स्थळ घेऊन! तेही सख्ख्या भाच्याचं, सिंदी रेल्वे गावचं. टीबीची थाप मारून मारून त्याला स्वतःलाच ती खरी वाटायला लागली होती. वर पोरगी गोळ्यांनी ठणठणीत.

म्हणाला, "पोरगी तब्येतीनं चांगली हाय. मले बाकी काई पाह्यचं नाई."

मी त्याला चहा केला, चांगला दुधाचा. आणि म्हटलं, "येजा ना रविवारी."

हो, मी न सांगता देणार होते. त्यानं माझ्या ताईच्या पदरात जे घातलं, तेच त्याच्या बहिणीच्या घरात जाऊ दे. शनिवारपर्यंत मी गाणी म्हणत मशीन चालवली.

शनिवारी पल्लवीनं विचारलं, "पाव्हण्याइले माहीत हाय काय?"

"त्यानं आपल्याले सांगतलं होतं काय?"

ती म्हणाली, "मावशी, मी काय फवारणीचं औषध हावो? त्याइच्या घरात शिंपडाले निघाली तू!"

तीच पुढं म्हणाली, "आन तेई होनार नाई. माहा रिपोर्ट टार्गेट नॉट डिटेक्टेड हाय." म्हणजे तपासणीत सापडेल एवढाही विषाणू रक्तात नाही. गोळ्या चालू ठेवून रिपोर्ट तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. डॉक्टरांनी हे मलाही सांगितलं होतं, मीच कान दिला नव्हता. लाज वाटली मला. पण राग लाजेपेक्षा मोठा होता.

"मंग त्याले असाच सोडू?"

"येऊ दे त्याइले. मी बोलतो."

रविवारी तिघं आले. बबनभाऊ, त्याची बहीण सुमनताई आणि मुलगा. पल्लवीनं पोह्यांच्या प्लेटा ठेवल्या आणि कोणी काही विचारायच्या आत खुर्चीवर बसून म्हणाली, "मले जन्मापासून एचआयव्ही हाय. रोज गोळी घेतो, तब्येत चांगली हाय. माह्या मायले लग्नाआधी कोनी सांगतलं नव्हतं. म्हनून मी तुमाले सांगून राह्यली."

बबनभाऊ ताडकन उठला. "फसवत होते आमाले! उठ सुमन!"

सुमनताई उठली नाही. तिनं भावाकडे पाहिलं. "काऊन गा, हिच्या मायचं लग्न तूच जमवलं होतं ना? तुले माहीत होतं?"

"जुनं कायले काढतं आता?"

"माहीत होतं काय, तेवढं सांग."

तो खिशात गाडीची किल्ली चाचपायला लागला. मुलगाही मामाकडे पाहायला लागला. शेवटी सुमनताई उठली, पल्लवीच्या डोक्यावरून हात फिरवला, "स्थळ जमनार नाई बाई," म्हणाली, आणि मुलाला घेऊन एसटी स्टँडकडे चालायला लागली. बबनभाऊ गाडी घेऊन मागं मागं हाका मारत गेला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. दोन बायका शिवायला दिलेलं कापड परत घेऊन गेल्या. पल्लवी नेहमीसारखी कॉलेजला गेली.

"माफ करा, मन हलकं होतं," असं तुम्हालाही कोणी सांगेल. मी बबनभाऊला माफ केलेलं नाही आणि तुम्हीही करा असं मी म्हणणार नाही. एवढंच, सूड घ्यायला आपलं लेकरू वापरू नका. त्याच्या रक्तातलं त्यालाच बोलू द्या. आमच्या पोरीचे उपकार आहेत माझ्यावर.

माझी बहीण त्यानं खाल्ली. यंदा राखीला त्याची बहीण त्याच्याकडे आली नाही. हे कळलं त्या दिवशी मी पोटभर जेवले.