आत्याबाईंची भाऊबीज

आत्याबाईंनी कुणावर डूख धरला की त्या त्याच्याशी फार गोड बोलायला लागत. ज्याच्यावर माया, त्याला मात्र सकाळपासून शिव्या. मी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस त्या मला "ये माझी बाय, बस माझी बाय" म्हणत होत्या, आणि मी भाबडेपणानं हिंगोलीला आईकडे निरोप धाडला की घरात एक माणूस तरी प्रेमळ आहे. मग थोरल्या जावेनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तू देवीच्या बनात चप्पल घालून गेलतीस काय?" गेले होते. मी धावत जाऊन पाया पडले. त्यांनी "शहरातली म्हैस" म्हणून माझा उद्धार केला आणि तिथून आमचं जमलं.

त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. नवऱ्यानं दुसरी बायको आणली त्याच दिवशी अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी निघून आल्या आणि पुढे अख्ख्या गावाच्याच आत्याबाई झाल्या. कपाळावर कुंकू मात्र रुपयाएवढं. शिरड शहापूरच्या बाजारात नवऱ्याची गाठ पडायची, तेव्हा त्या मुद्दाम त्याच्या समोरून जायच्या. "त्याला दिसू दे की मी हाय म्हणून," म्हणायच्या. तो बिचारा पुढे बाजाराला यायचाच बंद झाला.

त्यांचा सूड घाईचा नसे. गावातल्या एकानं गाडीचं जू करायला बनातली फांदी तोडली होती. आत्याबाई त्याच्याशी दोन वर्षं साखरेसारख्या गोड वागल्या. मग त्याच्या लेकीचं लग्न निघालं, हळद दळायला बायका जात्यावर बसल्या आणि आत्याबाईंनी ओवी धरली. त्या ओवीत फांदी होती, कुऱ्हाड होती आणि त्या माणसाचं नाव बापाच्या नावासकट होतं. बायकांना ती चाल इतकी आवडली की मांडवभर ओवी फिरली. हळदीच्या अंगानं नवरी रडली, आणि बापानं दुसऱ्या दिवशी ते जू बैलांच्या मानेवरून उतरवून बनात नेऊन ठेवलं. मला त्या पोरीची दया आली होती. आत्याबाईंना आली नाही.

हे बन म्हणजे गावामागची जोगणीची टेकडी. अंजन, मोह, बेहडा आणि वेलींनी जखडलेले जुने वड. मध्ये कोरीव दगडांनी बांधलेला झरा, आणि उगवतीच्या कडेला उभे वीरगळ, कुठल्या लढाईत कोण पडलं ते आता कुणालाच ठाऊक नाही असे. तिथली काटकीसुद्धा कुणी घरी आणत नसे. गावची लेक सासरी निघाली की आधी झऱ्याचं ओंजळभर पाणी पिऊन जाई, आणि माहेरपणाला आली की घराचा उंबरा ओलांडण्याआधी टेकडीवर जाई. आत्याबाई म्हणत, "भाऊ बदलतो, भावजयीचं तोंड बदलतं. टेकडी हाय तिथंच ऱ्हाती." बहात्तरच्या दुष्काळात विहिरींचे तळ दिसले तेव्हा सगळं गाव त्या झऱ्याच्या करंगळीएवढ्या धारेवर जगलं. बाया रांगेत बसून वाटीनं घागर भरायच्या.

दुष्काळ सरला आणि पुढच्या पावसाळ्याअखेर एक ठेकेदार जीपमधून आला. त्याला टेकडी हवी होती. सुरुंग लावून दगड काढायचा, पायथ्याला खडीचं मशीन बसवायचं, गावच्या पोरांना रोजगार द्यायचा. माझे सासरे तेव्हा सरपंच होते. दसरा झाला आणि त्यांनी पंचांना बसवून ठराव केला. ठेकेदार आभार मानायला घरी आला. आत्याबाईंनी स्वतः चहा केला. "घ्या साहेब, अजून एक कप घ्या. झऱ्याचं पाणी हाय. पुन्हा मिळंल न मिळंल." साहेब म्हणाले, मावशी फार लाघवी आहेत हो. मी जावेकडे पाहिलं.

तो गेल्यावर बहीणभावाची जुंपली. मामंजी वाईट नव्हते, हे मी आधीच सांगते. दुष्काळात त्यांनी लोकांना खडी फोडताना, कण्या खाताना पाहिलं होतं. "अक्का, पोरं रिकामी बसून राहिलीत. टेकडीनं भाकर दिली काय कुणाला?"

"आन् पाणी कुणी दिलं? तुह्या ठेकेदारानं?"

"एक झरा गेला तर बोअर मारून देतो म्हणतो तो."

"आन् आमी लेकी माहेराला आल्यावर काय बोअरच्या पाया पडावं?"

आठवड्याभरात पहिला सुरुंग उडाला. टेकडीचा उगवतीकडचा कोपरा खाली आला आणि त्याच्याबरोबर वीरगळही. आत्याबाई संध्याकाळी तिथे जाऊन आल्या. घरी येऊन भावाच्या ताटात त्यांनी स्वतः तूप वाढलं आणि म्हणाल्या, "खा रे माह्या राजा. दमला असशील." मामंजींचा घास हातातच राहिला. ते लहानपणापासून बहिणीला ओळखत होते.

दुसऱ्या दिवसापासून आत्याबाई एस.टी.नं हिंडायला लागल्या. बरोबर मला नेत. ठरावावर अंगठा किंवा सही केलेल्या प्रत्येक पंचाची बहीण ज्या गावात दिली होती, त्या गावी आम्ही गेलो. एक गोरेगावला, एक शिरडला, एक वाटेवरच्या वाडीत. हट्ट्याला महेबूबभाईची बहीण रहमत होती, महेबूबभाईही पंचांतलाच. आत्याबाई कुठंही भाषण करत नसत. बहिणीच्या चुलीपुढे बसायच्या, पदरातून फुटक्या वीरगळाचा तुकडा काढून तिच्या हातात द्यायच्या आणि विचारायच्या, "बाई, दिवाळीला येशील तवा पाणी कुठं पिशील?" रहमतनं तो तुकडा बराच वेळ ओंजळीत धरला. मग म्हणाली, "आत्याबाई, ह्या भावांना तकलीफ कशानं होईल तेवढं सांगा." आत्याबाईंनी सांगितलं.

भाऊबीज आली. आमच्या अंगणात सडा-रांगोळी झाली, मामंजी उटणं लावून न्हाऊन, नवा फेटा बांधून तिन्हीसांजेला पाटावर बसले. भाऊबंद जमले होते. आत्याबाईंनी निरांजन लावलं, ताट उचललं आणि गोड हसत भावासमोर आल्या. मामंजींनी मान थोडी पुढे केली. आत्याबाई त्यांच्या बाजूनं सरळ पुढे गेल्या आणि ताट घेऊन दाराबाहेर पडल्या.

ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबिजेला चंद्राला ओवाळते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी पदराखाली एक दिवा जपत त्यांच्यामागे चालले. एकेका पंचाच्या घरातून त्याची बहीण ताट घेऊन बाहेर पडली. सगळ्या जणी टेकडीवर फुटक्या कोपऱ्याशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या वर्षी भाऊबिजेची कोर हीच ईदची कोर होती. रहमतही तिथे चांद बघत उभी होती, आणि भावाच्या घरी शीरखुर्मा करणार नाही असं सांगून आली होती. कोर दिसली. आत्याबाईंनी ताट वर केलं आणि खालच्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चंद्रा, तूच आता भाऊ. आमचे व्हते ते गेले."

जिवंतपणी मेले भाऊ! मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी लपवत नाही. असा सूड मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. खाली आलो तेव्हा मामंजी त्याच पाटावर बसून होते. दोन दिवसांत पंचांनी ठराव मागे घेतला. लोक ठेकेदाराला पाणीसुद्धा विचारेनात. त्यानं मशीन उचललं आणि पलीकडच्या गावचा डोंगर धरला. झरा वाचला.

कुणालाही वाटेल, गोष्ट मिटली. बाकीच्या बहिणींनी पुढच्या दिवाळीला भावांना ओवाळलं, रहमतनं शीरखुर्मा केला. मामंजीही आशेनं पाटावर बसले. आत्याबाई ताट घेऊन त्यांच्या बाजूनं पुन्हा निघून गेल्या.

"अक्का, ठराव तर मागं घेतला की!"

"घेतलास. कोपरा कुठं हाय?"

तेव्हापासून मामंजी रोज पहाटे घमेलंभर माती टेकडीवर नेऊन टाकायला लागले. कधी दगड, कधी एखादं रोप. सरपंचकी गेली, कंबर वाकली, तरी नेत. दर भाऊबिजेला पाटावर बसत आणि दर भाऊबिजेला आत्याबाई चंद्राकडे जात. एकदा मी धीर करून म्हटलं, "पुरे आता, आत्याबाई. म्हातारे झाले ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "व्हय माय, तू म्हणतीस ते बराबर हाय." मी तो विषय पुन्हा काढला नाही.

मामंजी एका उन्हाळ्यात गेले. अंगणात आक्रोश चालला होता, आत्याबाईंच्या डोळ्यांत टिपूस नाही. शेजारीण म्हणाली, "आत्याबाई, आता तरी माफ करा." त्या म्हणाल्या, "मेला म्हणून खड्डा भरला काय?" मला त्यांचा त्या दिवशी मनापासून राग आला.

त्यानंतरची भाऊबीज. संध्याकाळी आत्याबाईंनी नेहमीप्रमाणे ताट सजवलं, निरांजन लावलं आणि उंबऱ्यात येऊन बसल्या. उठल्याच नाहीत. कोर दिसली, त्यांनी तिच्याकडे पाहिलं, ताट मांडीवरच. मी म्हटलं, "आत्याबाई, टेकडीवर चलायचं ना?"

"कशी जाऊ गं?" त्या म्हणाल्या. "आजपोतर खोटंच जात व्हते. आज खरंच भाऊ न्हाई मला."

त्या रडल्या. मी जवळ बसून राहिले. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. निरांजनातलं तेल संपलं, कोर टेकडीमागे गेली. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि मला म्हणाल्या, "त्या ठेकेदाराला बहीण हाय काय? कोन्त्या गावात दिलीय, तेवढं इचारून ये."

बहीण होती. सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघी निघालो.