नवस फेडायची घाई

ये, अशी जवळ बस. मघापासून पेपरातला खून वाचून हसतेस, ऐकतेय मी. बाई, हसू नये गं. खुनात हसण्याजोगं पुष्कळ असतं हे मला तुझ्याहून जास्त ठाऊक आहे, पण ज्यांच्या घरचं असतं त्यांना ते दिसत नाही. एक केस अजून माझ्या मनातून जात नाही. तुझ्या निमित्तानं लिहूनच काढते, म्हणजे चार लोकांना वाचता येईल. नावं मात्र कोणाची घेणार नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका. बायांची झडती आणि बायांचे जबाब, एवढ्यासाठी मला ठाण्यात ठेवलेलं. जमादार होऊन निवृत्त झाले ते फार पुढं.

एका सकाळी अनसिंगकडच्या खेड्याचा कोतवाल ठाण्यात आला. फडक्यात रोडगे बांधून आणलेले. आमच्याकडे नवस फेडायचा तर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजतात, देवीला दाखवतात आणि गावाला जेवू घालतात. शिपायांनी रोडगे वाटून घेतले, मग कोतवाल बोलला.

"साहेब, गावातला सोयरिकी जमवणारा दिसून नाही राह्यला. कालच्या पंगतीले नव्हता. मेला असन तो."

"पंगतीला नव्हता म्हणून मेला?" ठाणेदारांनी विचारलं.

"जिता असता तं आला असता, साहेब."

ठाणेदार हसले, तरी खबर लिहून घेतली. त्या माणसाच्या भावाला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, "असन कोणाच्या घरी जेवून राह्यला." भावाला चिंता नाही आणि गावालाही नाही. कोतवालाकडून आणखी एक कळलं. तो माणूस रोज ज्या शेतकऱ्याच्या घरी जेवायचा, त्याच घरच्या नवसाचे हे रोडगे. रोज का जेवतो, हे मात्र गावानं कधी विचारलं नव्हतं.

ठाणेदारांनी मला त्या घरी पाठवलं. शेतकऱ्याची बायको मागच्या अंगणात पंगतीचं मोठं गंज, म्हणजे पातेलं, घासत होती. काम करत्या बाईला उठवून समोर उभं केलं की ती खोटं बोलते, हे मी नोकरीत लवकर शिकले होते. मी दुसरं गंज ओढलं आणि राखेनं घासायला बसले.

"नवस कायचा होता वो बाई?"

फेडलेला नवस लपवला तर देवीला पोचत नाही, असं आमच्याकडे मानतात. तिनं सरळ सांगितलं. पोरीचं लहानपणी लग्न झालं होतं. सासरी नांदायला जायच्या आधीच नवरा गेला. पुढं या माणसानं पोहरादेवीकडच्या एका गावात तिची सोयरीक जमवली, पहिलंच लग्न म्हणून. हे फुटलं तर पोर परत येईल, ही आईबापांची भीती. तेव्हापासून तो रोज यांच्या ताटावर.

"वरण पातळ झालं तरी म्हणे, सासरी खबर देऊ काय? मी देवीले म्हटलं, माय, याचं येणं बंद कर, तुले रोडगे करीन."

"मंग झालं बंद?"

"सोमवारी नाही आला. मी म्हटलं बिमार असन, दोन रोज पाहू. तं आमचे हे म्हणे, पाहाचं काय त्यात? आता नाही येत तो. देवीचं अंगावर ठेवू नको, पोरीले भोवन."

"नाही येत, हे त्याईले कसं समजलं?"

तिचा हात थांबला. मग हळूच म्हणाली, "मी काय बोलली, बाई?"

नवऱ्याला ठाण्यात आणलं. ठाणेदार कडक तपासाच्या तयारीत होते, त्याची गरज पडली नाही. त्यानं पाणी मागितलं आणि पिऊन सांगितलं.

"तो म्हणे, पोहरादेवीच्या जत्रेले जाताना तुह्या पोरीच्या घरी मुक्काम करतो. आता तिच्या हातचं जेवीन. माह्या हातात बंडीची उभारी होती."

उभारी म्हणजे बैलगाडीच्या कडेचा दांडका; त्यानंच मारलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण त्यानं दाखवलेल्या जागी, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली प्रेत निघालं. पंचनाम्यावर ज्या पंचांनी अंगठे उठवले ते आदल्या दिवशी पंगतीला पोटभर जेवले होते. नवस फेडायची घाई न करता शेतकरी गप्प राहिला असता, तर त्या माणसाला शोधायला कोणी निघालं नसतं. ठाणेदाराच्या भीतीनं तो गप्प राहू शकला असता. देवीच्या भीतीनं त्याला राहवलं नाही.

खुनाचं कारण कागदावर यायला हवं म्हणून पोरीच्या सासऱ्याला जबाबासाठी बोलावलं. पोरीचा बाप बेड्यांत ठाण्याच्या ओसरीवर बसलेला. व्याह्याला पाहून त्यानं मान खाली घातली. ठाणेदारांनी विचारलं, "सुनेचं आधी लग्न झालं होतं, हे तुम्हाला कधी कळलं?"

"दोन वर्सं झाले, साहेब. त्यानंच सांगितलं."

"मग?"

"मंग काय? म्हणे, जातीत सांगू का? आमी म्हटलं, जेव आन चूप बस. बाजाराच्या दिवशी आमच्या इथंच जेवे तो. पोर चांगली हाय, तिले काहून हाकलू?"

ओसरीवरून बाप बोलला, "इवाई, मले काहून नाही सांगितलं?"

"तुमाले लाज वाटली असती. तुमीबी तं नाही सांगितलं."

बाप बेडीतल्या हातांनी तोंड झाकून बसला. त्याला जन्मठेप झाली. पोर सासरीच नांदली. ठाणेदारांना शाबासकी मिळाली. बायको मात्र दर पेशीला कोर्टाच्या दारात मला एकच विचारायची, "देवीनं तं ऐकलंच होतं ना, बाई?"

तेव्हापासून धमकी देऊन खाणाऱ्याचा मला फारसा राग येत नाही. त्या माणसाजवळ विकायला काहीच नव्हतं. दोन भली घरं एकमेकांची अब्रू राखत बसली आणि त्या राखण्यावर तो जेवला. एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर तो उपाशी मेला असता, उभारीनं नाही.

असो. आता तू निघशील. पुढच्या वेळी वर्षभर वाट पाहायला लावू नकोस. हुरड्याच्या दिवसांत ये, आणि चार दिवस राहायच्या हिशेबानं ये.