खलफानच्या बंद दारासाठी रायफल

फ्रँक तुस्कानो सव्वीस वर्षं शारजातल्या एका शिकारीच्या दुकानात रायफली विकतोय आणि त्याने आजवर एकही गोळी झाडलेली नाही. इथे आपल्यासारख्याला बंदुकीचं लायसन कोण देणार? मी त्याला चिडवायची, "फ्रँकदादा, तुम्ही म्हणजे मिठाईच्या दुकानातले मधुमेही." तो हसून म्हणायचा, "अगं, म्हणून तर शिळी मिठाई मला वासावरून कळते."

मी विभावरी. त्याच दुकानात लायसनची कागदपत्रं बघते. माझा पारा लवकर चढतो, आणि नाकासमोर चालणाऱ्या माणसांवर तर जास्तच. फ्रँक तसा आहे. वसईजवळच्या नंदाखालचा, अठ्ठावन्न वर्षांचा, दर शुक्रवारी चर्चला जाणारा, बायको रोझलिनने दिलेला डबा एक वाजला की उघडणारा. गिऱ्हाइकाशी खोटं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. मालकाला त्याचा राग यायचा, कारण महागडी वस्तू घ्यायला आलेल्या माणसाला हा स्वस्तातली देऊन पाठवायचा.

त्याची एक पद्धत होती. कोल्ह्यासाठी रायफल हवी म्हणून कोणी आलं की तो दोन रायफली काउंटरवरच्या हिरव्या कापडावर ठेवायचा. दोन्हींचे बोल्ट, म्हणजे मागचे ते ओढायचे दांडे, काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसता पाइप. मग विचारायचा, "कोल्ह्याच्या मागे काय आहे?" लोक हसायचे. त्याचं म्हणणं एवढंच, की चुकलेली गोळी हवेत विरघळत नाही, ती कुठेतरी पोचतेच. मागे वाळूची टेकडी असेल तर मोठी रायफल. भिंत, रस्ता, मजुरांच्या खोल्या असतील तर छोटी. छोटीची गोळी हरभऱ्याहून लहान, जिथे पहिल्यांदा आपटेल तिथेच तिचा चुरा होतो. मोठीची गोळी पत्र्यातून आरपार जाते आणि पुढेही चालत राहते.

गेल्या फेब्रुवारीत सकाळी अकराला खलफान आला. सत्तरीचा शेतमालक, इथल्या भाषेत अरबाब. अंगातला पांढरा झगा, कंदुरा, परीटघडीचा, पण दाढी चार दिवसांची. जुन्या अरबांसारखी त्याची हिंदी चांगली होती. धैदकडे त्याची खजुराची बाग आहे. बायको गेल्याला अकरा महिने झाले होते. तेव्हापासून बागेतलं घर कुलूपबंद आणि हा शारजात मुलाकडे राहत होता.

"एक लोमडी है," तो म्हणाला. "रोज़ असर के टाइम आती है. धूप में. दरवाज़े के सामने बैठती है."

असर म्हणजे दुपारच्या उतरत्या उन्हातली नमाज. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. मातीच्या रंगाचं घर, जुनं नक्षीचं दार, आणि दाराकडे तोंड करून बसलेला एक बारकासा कोल्हा. पाहुणा दार उघडायची वाट बघतो तसा बसला होता. भर दिवसा एसीत बसून माझ्या अंगावर काटा आला.

"मुर्गी ले जाती है?" फ्रँकने विचारलं.

"नहीं."

"बकरी का बच्चा?"

"कुछ नहीं ले जाती. बैठती है." खलफानने मोठी रायफल उचलली. "ये दरवाज़े से पार जाएगी?"

फ्रँकचा हात खिशातल्या बोल्टवर थांबला. त्याने फोटो बोटांनी मोठा केला आणि कोल्हा सोडून दारच बघत बसला. मग शांतपणे म्हणाला, "नहीं अरबाब. बड़ी वाली दरवाज़े में रुक जाएगी. छोटी वाली पार जाएगी."

साफ उलटं! सव्वीस वर्षांत पहिली थाप, आणि ती अशी धडधडीत. खलफानने मोठी खाली ठेवली आणि छोटी घेतली.

तो कॉफी प्यायला बसल्यावर मी फ्रँकला मागच्या खोलीत गाठलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? कंप्लेंट आली तर नोकरी जाईल, नोकरीबरोबर व्हिसा!"

"त्याने अंतर नाही विचारलं, विभावरी. दार विचारलं. त्याला कोल्हा मारायचाच नाहीये."

"मग विकू नका!"

"मी नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत दुबईत दुसरा कोणीतरी त्याला मोठी देईल." त्याच्या कपाळावर घाम होता. "दुर्बीण बसवायला मी स्वतः जातो. तू पण चल. दाराआड कोण आहे ते बघू."

आपण बरं, आपलं काम बरं, हे मी स्वतःला दहा वेळा बजावलं आणि तरी गेले. नवीन रायफल घरी कुठल्या पेटीत राहणार ते बघून सही घ्यायची, अशी दुकानाची रीत होतीच. दुकानाची व्हॅन खलफानच्या गाडीमागे निघाली.

बागेत पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. इतकी शांतता मी या देशात कधी अनुभवली नव्हती. कुठे पंपाचा आवाज नाही, पक्षी नाही. खलफानने आम्हाला घरापासून शंभर पावलांवर, खजुराच्या सावलीत बसवलं. दाराला बाहेरून कुलूप होतं, त्यावर धूळ साचलेली. फ्रँकने लांबच्या टेकाडावर नेम धरून, एकही गोळी न झाडता दुर्बीण जुळवून दिली. खलफानने रायफल भरली तशी लांबून असरची बांग ऐकू आली.

आणि कोल्हा आला. आमच्याकडे ढुंकूनही न बघता तो सरळ उन्हातून चालत गेला आणि दारासमोर बसला.

"अब सुनो," खलफान कुजबुजला.

बंद घराच्या आतून बाईचा आवाज आला. "तआल... तआल..." ये, ये. म्हातारा, थोडा घोगरा, लाडाने लांबवलेला आवाज. खलफानच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "मेरी औरत," तो म्हणाला. "रोज़ बुलाती है. क़ब्र में बुलाती है मुझे."

नळी कोल्ह्यावरून सरकून दारावर गेली. फ्रँक झेपावला, पण त्याच्याआधी गोळी सुटली होती.

दाराची ढलपी उडाली, कोल्हा नाहीसा झाला. पुढचे काही क्षण काहीच ऐकू आलं नाही. मग आतून कुणीतरी ओक्साबोक्शी रडायला लागलं, आणि तो आवाज वेगळा होता, तरुण होता.

फ्रँकने रायफल हिसकावली, बोल्ट ओढून काढला आणि पळत सुटला. आम्ही घराला वळसा घालून मागे गेलो. मागचं दार उघडं होतं. आत, पुढच्या दाराला चिकटून, मरियम बसली होती. मरियम म्हणजे खलफानच्या बायकोची शेवटची सहा वर्षं सेवा केलेली बाई. घर बंद झाल्यापासून शेजारच्या बागेत कामाला होती. हातात कोंबडीच्या तुकड्यांचं भांडं तसंच होतं. तिच्या छातीच्या उंचीवर लाकूड आतल्या बाजूला फुगलं होतं, फुटलं नव्हतं.

"मामा ने बोला था," ती हुंदके देत म्हणाली. मामा म्हणजे तिची मालकीण, खलफानची बायको. बाईसाहेब रोज दाराच्या खालच्या फटीतून कोल्ह्याला खाऊ घालायच्या. मरताना त्यांनी हिच्याकडून वचन घेतलं होतं आणि मागची किल्ली दिली होती. कोल्हा दुसऱ्या कुणाच्या हाकेला येईना, म्हणून ही त्यांच्या आवाजात हाक मारायला शिकली. म्हाताऱ्याची गाडी झाडांआड उभी असते हे तिला कधी कळलंच नाही.

फ्रँक त्या फुगलेल्या लाकडावर हात ठेवून उभा होता. "दाराची जाडी मी नुसती फोटोवरून धरली होती," तो मला म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मला त्याला ओरडायचं होतं आणि त्याच्या पायाही पडायचं होतं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

खलफान उंबऱ्यातच थांबला होता. अकरा महिन्यांत त्याने त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. त्याने मरियमला पाणी द्यायला सांगितलं, तिची दोन वेळा माफी मागितली. तिला काही लागलं नाही ना, हे मला तपासायला लावलं. मग तो खाली जमिनीवर बसला.

"मुझे तो यही मालूम था कि अंदर मेरी औरत है, ये लड़की नहीं," तो फ्रँकला म्हणाला. "चालीस साल साथ रही औरत ने बुलाया, फ्रँक. और मैं बंदूक लेके आया."

फ्रँक त्याच्या शेजारी खाली बसला. आम्हाला निघायला अंधार झाला.