ताकाचा गडू आणि नवाबाची मोटार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. मागून चहा नाकात गेला तर मला बोल लावू नका. शहाणपणा मी जन्मभर पुष्कळ केला, पण नवाबाच्या मोटारीपायी जो केला त्याला अख्ख्या मराठवाड्यात तोड सापडायची नाही!

तेव्हा निजामाचा अंमल होता. जालन्यात आमचा कापसाचा धंदा बरा चालला होता आणि मला मोटारीचं वेड लागलं होतं. गावात मोटारी होत्या, नाही असं नाही. पण कापडी टपाच्या! बसलं की धूळ खा, उतरलं की अंग चेपून घ्या. मी आणली ती हैदराबादच्या एका नवाबाची बंद मोटार. काचेच्या खिडक्या, मखमली बैठक, जाळीचे पडदे. दार लावलं की बाहेर कावळा ओरडला तरी आत पत्ता लागत नसे. चाकांचे आरे तेवढे लाकडाचे, आपल्या बैलगाडीसारखे, आणि वर जाडजूड रबरी टायर.

मोटार मालगाडीवर चढून जालन्याला आली. सोबत नवाबाचा म्हातारा ड्रायव्हर होता. त्याने मला चालवायला शिकवलं आणि परतीच्या रेल्वेत चढता चढता म्हणाला, "साब, चाकां में हवा जरा नरमच रखो. मक्खन के सरीखी चलती."

हवा नरम? अहो, आम्ही बैलगाडीवाल्यांची औलाद! आमच्याकडे गाडी जुंपायच्या आधी चाकाच्या लोखंडी धावेवर दगड मारून बघतात. टण्ण वाजलं तर चाक घट्ट, बद्द वाजलं तर सुताराला गाठा. मी टायरवर काठी मारली. बद्द! म्हटलं, बघा, म्हातारा ढिली चाकं गळ्यात मारून चालला होता. पंप घेतला आणि चारी टायरांत अशी हवा ठासली की पुन्हा काठी मारली तेव्हा ती उसळून माझ्याच कपाळावर बसली. तेव्हा कुठे जिवाला समाधान वाटलं.

आता ही मोटार पहिल्यांदा न्यायची कुठे? सासुरवाडीला, दुसरीकडे कुठे! आमची मंडळी, म्हणजे गोदा, पहिल्या बाळंतपणाला अंबडला माहेरी गेली होती. मुलगा झाला होता. बारशाला जाऊन मी त्याला ओझरता पाहून आलो होतो, आणि तेव्हापासून मला घर खायला उठलं होतं. दोघांना घरी आणायचं, तेही मोटारीतून! या एका विचाराने मी झोपेतसुद्धा भोंगा वाजवत होतो.

पण अंबडला आमचे मामा होते. मामा म्हणजे सासरे. मोठे शेतकरी, भरघोस मिशा, शब्दाचे पक्के, आणि बैलांपुढे त्यांना देव आठवायचा नाही. त्यांच्या घरात एक रीत होती. लेकरू आपलं आपण बसायला लागल्याशिवाय त्याला चाकावर चढवायचं नाही. बैलगाडी नाही, टांगा नाही, काही नाही. हिसक्याने लेकरू हबकतं म्हणे.

"मामा, ही मोटार हाय," अंबडला पोचताच मी छाती काढून म्हणालो. "हिला हिसका म्हन्जी काय तेच म्हाईत न्हाई."

"बिलकुल बसत न्हाई?"

"बिलकुल!"

"आन् आवाज?"

"मांजर चालल्यावानी!"

मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि आत हाक मारली, "अगं, ताकाचा गडू आण. काठोकाठ भरून आण."

सासूबाईंनी गडू आणला. मामा म्हणाले, "ह्यो मांडीवर घिऊन बसतो. मारुतीच्या देवळाला फेरी मारून आणा. थेंब सांडला न्हाई तर लेक आन् नातू आत्ता घिऊन जा. सांडला तर लेकरू बसायला लागल्यावर बघू."

मी मनात हिशेब केला. लेकरू बसायला लागणार ऐन पावसाळ्यात. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत माणूस रुततो, तिथे मोटार कुठली चालते? म्हणजे थेट दिवाळी!

पण घाबरतो कशाला? नवाबाची मोटार होती ना!

मामा ऐटीत मागे बसले. मी मोटार सोडली. अहो, पहिल्याच धोंड्यावर मोटार हरणासारखी उडाली! मामांचा पटका टपाला भिडला. दुसऱ्या धोंड्यावर ताकाने गडू सोडला आणि मामांच्या मिशांचा आश्रय घेतला. आणि आवाज! उन्हाने वाळलेले लाकडी आरे असे करकरत होते की देवळातला पुजारी कानांवर हात ठेवून बाहेर आला. जालन्याहून येतानाही मोटार अशीच नाचली होती, पण तेव्हा मी बरोबर ओळखलं होतं की दोष रस्त्याचा आहे!

परत आलो. मामा उतरले. गडू उलटा करून दाखवला. त्यातून थेंबही पडला नाही, कारण सगळं ताक मामांवर होतं.

"जावईबापू," मिशी पिळत ते म्हणाले, "ह्याच्यापरीस मी खळं चोपायच्या दगडी रुळावर बसून देवळाला गेलो असतो."

मी हातापाया पडलो. म्हटलं, मोटार प्रवासाने दमली आहे, उद्या सकाळी एक संधी द्या. मामा मुळात दिलदार माणूस. "बरं, उद्या सकाळी. पन मंग बोलायचं न्हाई," म्हणाले आणि मिशा धुवायला गेले.

तेवढ्यात दाराआडून गोदा कुजबुजली, "काय बी करा, पन मला घिऊन चला हो. आई रोज डिंकाचे लाडू खाऊ घालून राह्यली. दिवाळीपतूर मी ह्या दारात मावायची न्हाई!" तिच्या कुशीतल्या चिरंजिवांनी माझ्याकडे बघून जांभई दिली. मला अगदी भरून आलं.

आता मला सांगा, वाळलेलं लाकडी चाक करकरायला लागलं तर आपल्याकडे काय करतात? नदीत भिजत घालतात! लाकूड फुगतं, आरे घट्ट बसतात, करकर बंद. हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मग मोटारीचे आरे काय सोन्याचे होते? मामांचा गाडीवान सटवाजी, त्याला मी विचारलं. तो तर माझ्याहून उत्साही निघाला.

"धनी, चारी चाकं बुडाली पाह्यजेत बघा! रातभर ठिवा. सकाळी आवाज काढला तर माझं नाव बदला."

दिवस मावळायच्या आत आम्ही मोटार नदीवर नेली. उन्हाळ्याची नदी, पाणी बेताचंच. मोटार पाण्यात घालणार, तोच मला एकदम शंका आली. लहानपणी पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधायचो. आत हवा, म्हणून तो बुडायचा नाही. मग इथे तर चार चाकांत हवा ठासलेली! मोटार तरंगली तर चाकं भिजणार कशी? आणि तरंगत तरंगत पुढे निघून गेली तर?

"सटवाजी, हवा सोडा!"

सटवाजीने माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की काय सांगू. "शिकल्याली मान्सं ती शिकल्यालीच," म्हणाला. चारी चाकांची हवा आम्ही सुस्स करून सोडली. सगळी नाही, टायर बोटाने दबायला लागेपर्यंत. मग मोटार पाण्यात घातली, वर एक घोंगडी टाकली आणि घरी येऊन मी सुखाने झोपलो.

सकाळी जाऊन बघतो तर मोटार होती, पण अर्धीच! गाळ खचला होता आणि नवाबाची मोटार नाकापर्यंत पाण्यात शिरून बसली होती, म्हशीसारखी. पाण्यात उतरून हँडल मारलं. इंजिनाने गुळणी टाकली. पुन्हा मारलं. आतून एक बेडूक बाहेर आला, त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि निघून गेला. त्यानंतर इंजिनाने राम म्हटला.

तोवर अर्धं गाव काठावर जमलं होतं. आणि आंघोळीला आलेले मामा!

मामांनी हाक दिली, "सटवाजी, बैलं आन."

चांद्या आणि चिमण्या आले. मामांची लाडकी जोडी. दोरखंड बांधला, सटवाजीने कासरा धरला, आणि नवाबाची मोटार चिखल गाळत काठावर आली. मी मान खाली घालून उभा. दिवाळी! आता दिवाळी!

तेवढ्यात गर्दीतून गोदा पुढे आली. एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात ताकाने भरलेला गडू!

"आबा," ती मामांना म्हणाली, "सकाळची परीक्षा ठरल्ती ना? बसा."

"अगं येडे, इंजन मेलं त्याचं!"

"इंजनाचं कोन बोलल्तं? मोटारीत थेंब सांडायचा न्हाई, असं ठरल्तं. मोटार ही हाय, ताक हे हाय. शब्द दिल्ता का न्हाई?"

शब्द म्हटल्यावर मामा काय करणार? मुकाट्याने मागे बसले. गडू मांडीवर. मी पुढे स्टिअरिंग धरून, सटवाजी मोटारीच्या नाकावर बसून कासरा धरून. बैल चालू लागले.

आणि काय सांगू मंडळी, आवाज नाही! भिजलेले आरे फुगून गच्च बसलेले, ब्र काढत नव्हते. टायर नरम, धोंडा आला की तो पोटात घेऊन पुढे जात होते. इंजिन तर बोलण्याच्या पलीकडे गेलेलं. आतल्या घड्याळाची टिकटिक मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. देवळाची फेरी झाली. मी धीर करून मागे बघितलं. ताक गडूत तसंच, काठोकाठ. मामा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या मिशीत हसू होतं.

म्हाताऱ्या ड्रायव्हरचं मक्खन मला तेव्हा समजलं!

"आरं तिच्या!" मामा उतरून म्हणाले. "पाळन्यातबी एवढं सुख न्हाई. शब्द म्हन्जी शब्द. लेक न्या, नातू न्या." त्यांनी गडू तोंडाला लावला, संपवला आणि पुढे म्हणाले, "फक्त इंजन लावू नगा."

अंबड ते जालना आमची वरात निघाली. मागे मखमलीवर मामा, सासूबाई, गोदा आणि गाढ झोपलेले चिरंजीव. पुढे मी, कोट-टोपी घालून, सुकाणू धरून! मध्येच सवयीने भोंगा दाबला तर बैल उधळता उधळता राहिले आणि सटवाजी नाकावरून पडता पडता. त्यानंतर मामांनी माझ्याकडून भोंगासुद्धा काढून घेतला.

वाटेत प्रत्येक गावात माणसं रस्त्यावर. "मालक, इंजनात घोड्याची ताकद असती म्हन्ते ना?" "असती की!" मी म्हणायचो. "मंग घोडी कुठं गेली?"

हे सगळं मी सोसलं. खरं दुःख वेगळंच. ती मोटार एवढी निवांत चालत होती की मागे सुई पडली तरी पुढे ऐकू यावी. सासूबाई मामांच्या कानात म्हणाल्या, "जावई जरा येडाच हाय का हो?"

"हळू बोल, ऐकतील." आणि मामा पुढे म्हणाले, "येडा हाय. पन बायको-लेकरासाठी येडा हाय. तसा येडा मला पटतो."

आता तुम्हीच सांगा, यावर रडायचं का हसायचं? मी दोन्ही केलं, पुढे तोंड करून.

इंजिन पुढे दुरुस्त झालं. हवा मी नरमच ठेवत गेलो. मोटार खरोखर लोण्यासारखी चालायला लागली. पण चिरंजिवांना पहिली सवय लागली ती लागलीच! इंजिनाची घरघर सुरू झाली की भोकाड पसरायचे, आणि बैल जोडले की गप्प. मामांनी ते ऐकून चांद्या-चिमण्याची जोडी सटवाजीसकट नातवाला देऊन टाकली. त्यामुळे अख्ख्या जालन्यात मोटारीसाठी पेट्रोल आणि कडबा दोन्ही भरणारा मी एकटाच होतो.

त्या वर्षी पोळ्याला मामा भर चिखलातून घोडीवर बसून जालन्याला आले. आपल्या जोडीला भेटल्याशिवाय त्यांचा पोळा होणार कसा! दारात चांद्या-चिमण्या उभे, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली. शेजारी मोटारही धुऊन उभी केली होती. मामांनी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास भरवला. मग मोटारीच्या चारी चाकांना हळदकुंकू वाहिलं. म्हणाले, "कष्ट हिनंबी केलेत."

मी दारात उभा राहून हे कौतुक बघत होतो. मामांनी ताटाकडे बघितलं. एक पोळी उरली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"जावईबापू, इकडं या. तिथं कशाला उभे? हितं, चांद्याच्या शेजारी."

गोदा पदर तोंडात कोंबून आत पळाली. मी जाऊन उभा राहिलो. मामांनी माझ्या कपाळावर कुंकू ओढलं, पोळीचा घास माझ्या तोंडापुढे धरला आणि अगदी मायेने म्हणाले, "घ्या. आजच्या दिशी तुमचाबी मान हाय."

काय करणार? खाल्ली. पोळी चांगली होती हो!